शब्दकोशाचा प्रत्यक्ष वापर कसा तपासावा

शब्दकोश रचण्याची विद्या फार जुनी आहे. पण कोश उघडणारा माणूस त्यात नेमके काय शोधतो, ते त्याला सापडते का आणि सापडलेल्या माहितीचे तो पुढे काय करतो, याचा पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच मूळ धरू लागला. अमेरिकन कोशकार क्लॅरेन्स बार्नहार्ट यांनी १९५५ मध्ये अमेरिकेच्या २७ राज्यांतील ९९ महाविद्यालयांत प्रश्नावल्या पाठवून सुमारे ५६,००० विद्यार्थ्यांच्या कोशवापराची माहिती गोळा केली. अर्थ आणि शब्दाचे लेखन यांना सर्वाधिक महत्त्व आणि व्युत्पत्तीला सर्वांत कमी, असा क्रम तिच्यातून हाती आला. मात्र त्या प्रश्नावल्यांची उत्तरे विद्यार्थ्यांनी दिलेली नव्हती, ती शिक्षकांनी दिलेली होती. विद्यार्थी काय करत असावेत असे शिक्षकांना वाटते, ही माहिती त्या पाहणीतून मिळाली. विद्यार्थी खरोखर काय करतात, हा प्रश्न त्यानंतरही शिल्लकच राहिला.

कोशवापराच्या संशोधनातली मुख्य अडचण हीच आहे. शब्द शोधणे ही काही सेकंदांत संपणारी, बहुधा एकट्याने केलेली आणि लगेच विसरली जाणारी कृती असते. त्या कृतीपासून आपण जितके दूर जातो, तितकी माहिती गोळा करणे सोपे होते आणि तितकीच ती अविश्वसनीयही होत जाते. म्हणून या मार्गदर्शिकेत प्रत्येक पद्धतीकडे एकाच अंगाने पाहिले आहे: ही पद्धत शोधाच्या प्रत्यक्ष क्षणाच्या किती जवळ जाते, आणि तेवढे जवळ जाण्यासाठी काय गमवावे लागते? भाषेचे विद्यार्थी, शिक्षक आणि कोशांचे संपादक यांना छोटा पण भक्कम अभ्यास उभा करता यावा, हा या लेखनाचा उद्देश आहे.

एका शोधाची घडण

पद्धत निवडण्यापूर्वी एक शोध कोणकोणत्या टप्प्यांतून जातो, हे कागदावर लिहून काढावे. आधी वाचणाऱ्याला किंवा लिहिणाऱ्याला आपले काहीतरी अडले आहे याची जाणीव व्हावी लागते. मग कोश उघडायचा की संदर्भावरून अंदाज बांधून पुढे जायचे, हे तो ठरवतो. कोश उघडायचा ठरल्यास कोणता कोश आणि कोणता शब्द, हे प्रश्न येतात. वाक्यातल्या विकारी रूपावरून त्याला मूळ रूपापर्यंत पोहोचावे लागते. मजकुरात ‘पाण्याने’ असे असेल तर कोशात ‘पाणी’ पाहावे लागते आणि ‘गेला’ या रूपासाठी ‘जाणे’ या नोंदीकडे जावे लागते. भाषा नव्याने शिकणाऱ्याला ही वाट मुळीच सरळ नसते. नोंद सापडल्यावर अनेक अर्थांतून योग्य अर्थ निवडणे, त्यातून हवी ती माहिती उचलणे, ती मूळ वाक्यात बसवून पाहणे आणि आपले समाधान झाले की नाही हे ठरवणे, एवढे सगळे अजून बाकीच असते.

या साखळीतली प्रत्येक कडी तुटू शकते, आणि कोणती कडी तपासायची आहे यावर पद्धत ठरते. ‘लोक शब्दकोश कसा वापरतात?’ हा संशोधनाचा प्रश्न होऊच शकत नाही, कारण त्याचे कोणतेही उत्तर चुकीचे ठरवता येत नाही. ‘लांबलचक नोंदीत प्रत्येक अर्थाच्या आधी ठळक अक्षरांत दिशादर्शक शब्द दिला, तर योग्य अर्थ निवडण्याचे प्रमाण वाढते का?’ हा प्रश्न तपासता येतो. ‘डोळ्यांत धूळ फेकणे’ हा वाक्प्रचार लोक ‘डोळा’ या शब्दाखाली शोधतात, ‘धूळ’खाली शोधतात की ‘फेकणे’खाली, हाही तपासण्याजोगा प्रश्न आहे, आणि तो तपासायला कोणतेही यंत्र लागत नाही. वीस-पंचवीस वाक्प्रचारांची यादी द्यावी, प्रत्येकातील ज्या शब्दाखाली आपण आधी पाहाल त्याला १ आणि तिथे न सापडल्यास ज्याच्याकडे जाल त्याला २ असा आकडा घालायला सांगावे. एवढ्या साध्या कामातून वाक्प्रचार कुठे द्यावा याचा पक्का आधार संपादकाला मिळू शकतो. साधन साधे असल्यामुळे संशोधन हलके ठरत नाही, हे नव्या अभ्यासकाने सुरुवातीलाच मनाशी पक्के करावे.

यासोबत शोध कोणत्या कामाच्या ओघात घडतो, हेही ठरवावे. वाचताना होणारा शोध, लिहिताना होणारा शोध, अनुवाद करताना होणारा शोध आणि केवळ कुतूहलापोटी किंवा वाद मिटवण्यासाठी केलेला शोध, यांत माणूस वेगळी माहिती मागतो आणि वेगळ्या ठिकाणी अडखळतो. या सगळ्यांची सरासरी काढली, तर ती कोणत्याच खऱ्या माणसाला लागू पडत नाही.

प्रश्नावली

प्रश्नावली ही सर्वांत जास्त वापरली गेलेली आणि सर्वांत जास्त टीका झालेली पद्धत आहे. रँडॉल्फ क्वर्क यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी २२० ब्रिटिश पदवी-विद्यार्थ्यांना त्यांच्या कोशवापराविषयी विचारले, आणि आँरी बेज्वाँ यांनी १९८१ मध्ये इंग्रजी शिकणाऱ्या १२२ फ्रेंच विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. कोशकारांनी कष्टाने तयार केलेली व्याकरणाची सांकेतिक चिन्हे आणि प्रस्तावना यांकडे विद्यार्थी फारसे वळत नाहीत, हे बेज्वाँ यांच्या पाहणीतून पुढे आले आणि त्यानंतरच्या काळात विद्यार्थ्यांसाठीच्या कोशांतली चिन्हे सोपी होत गेली. तरीही १९८४ मध्ये ग्लिन हॅदरॉल यांनी एक मूलभूत शंका मांडली. उत्तर देणारा आपण जे करतो ते सांगतो, की आपण जे करतो असे त्याला वाटते ते सांगतो, की आपण जे करायला हवे असे त्याला वाटते ते सांगतो, असा त्यांच्या शंकेचा आशय होता. ही शंका आजही प्रत्येक प्रश्नावलीसमोर ठेवून पाहावी.

माझ्या मते यातला बराचसा दोष प्रश्नावलीचा नसून प्रश्नांचा असतो. ‘आपण शब्दकोश किती वेळा वापरता? नेहमी, अधूनमधून, क्वचित’ हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण एकाचे ‘अधूनमधून’ हे दुसऱ्याचे ‘नेहमी’ असते. त्याऐवजी ‘आपण शेवटचा शब्द कोणता पाहिला? त्या वेळी काय वाचत किंवा लिहीत होता? तो कुठे पाहिला? हवे ते मिळाले का?’ अशी एका ठरावीक प्रसंगाविषयीची प्रश्नमालिका ठेवावी. माणसाला आपली सवय नीट वर्णन करता येत नाही, पण ताजा प्रसंग बऱ्यापैकी आठवतो. शेकडो लोकांचे असे शेवटचे प्रसंग एकत्र केले की सवयीचे चित्र आपोआप उमटते, आणि ते कोणाच्याही मतावर अवलंबून राहत नाही.

प्रश्नांच्या भाषेबाबत विशेष दक्षता घ्यावी. एकभाषी, शीर्षशब्द, व्युत्पत्ती, प्रयोगनिर्देश हे शब्द अभ्यासकाच्या रोजच्या बोलण्यातले असले, तरी सामान्य वाचक त्यांचा वेगळा अर्थ लावतो किंवा लाजेखातर कळल्यासारखे दाखवतो. नोंदीचा एक नमुना छापून त्यातल्या भागांना अ, ब, क अशी अक्षरे द्यावीत आणि ‘यांपैकी कोणत्या भागाकडे आपले लक्ष गेले होते?’ असे विचारावे. पारिभाषिक शब्दाचा अडथळा यामुळे पूर्णपणे टळतो. एका प्रश्नात दोन प्रश्न घालू नयेत. ‘कोश उपयुक्त आणि वापरायला सोपा आहे का?’ या प्रश्नाला ‘होय’ म्हणणारा नेमके कशाला होय म्हणाला, हे कळण्याचा मार्ग नसतो. सहा-सात जणांना प्रश्नावली आधी देऊन पाहावी, आणि त्यांनी उत्तरे लिहिल्यावर प्रत्येक प्रश्न त्यांना कसा समजला, हे त्यांच्याच शब्दांत सांगायला लावावे. या तालमीत निम्मे प्रश्न बदलावे लागले तरी वाईट वाटून घेऊ नये. तालीम त्याचसाठी असते.

प्रश्नावलीचा खरा जोर व्याप्तीत आहे. २०१७ मध्ये युरोपात झालेल्या एकभाषी कोशांविषयीच्या पाहणीत २९ देशांतून जवळपास १०,००० लोकांनी उत्तरे दिली. एवढा विस्तार दुसऱ्या कोणत्याही पद्धतीला पेलवत नाही. पण अशा पाहणीत स्वेच्छेने उत्तर देणाऱ्यांत भाषेची आवड असलेले लोक अधिक असतात. कोशाला कधीच हात न लावणारा माणूस कोशाविषयीची प्रश्नावलीही बहुधा भरत नाही. त्यामुळे मते, मालकी, ओळख आणि अपेक्षा यांसाठी प्रश्नावली वापरावी. कौशल्य आणि यश मोजण्यासाठी मात्र तिच्यावर विसंबू नये.

नोंदवही, निरीक्षण आणि मोठ्याने केलेला विचार

शोधाच्या क्षणाच्या अधिक जवळ जायचे असेल, तर सहभागी व्यक्तीला नोंदवही देता येते. प्रत्येक शोधानंतर शब्द, वाक्य, कारण, पाहिलेला कोश, निकाल आणि समाधान एवढ्या सहा गोष्टी लिहायच्या असतात. याहून जास्त रकाने ठेवले, तर लोक शोध टाळू लागतात, कारण शोधापेक्षा नोंदीचे काम मोठे होते. पहिल्या दोन-तीन दिवसांत उत्साहाने जास्त शोध होतात आणि पुढे नोंदी गळू लागतात, हे गृहीत धरूनच कालावधी ठरवावा. हॅदरॉल यांनी स्वतः अनुवाद करणाऱ्या विद्यार्थ्यांना कामाच्या ओघातच प्रत्येक शोध लिहून काढायला लावला होता, आणि प्रश्नावलीपेक्षा हा मार्ग त्यांना अधिक विश्वासार्ह वाटला होता.

पडद्यावरचा कोश अभ्यासायचा असल्यास पडद्याचे चित्रीकरण हा आज सर्वांत सोयीचा मार्ग आहे. टंकलेले अक्षर, खोडलेले अक्षर, सूचनायादीतून केलेली निवड, वर-खाली सरकवलेले पान, मध्येच दुसऱ्या कोशाकडे टाकलेली उडी, हे सगळे त्यात येते. मात्र एखादी व्यक्ती नोंदीवर बारा सेकंद थांबली, तर ती वाचत होती, गोंधळली होती की खिडकीबाहेर पाहत होती, हे चित्रीकरण सांगत नाही. त्यासाठी दोन वाटा आहेत. एक म्हणजे काम चालू असतानाच मनात येईल ते बोलत राहायला सांगणे, आणि दुसरी म्हणजे काम संपल्यावर लगेच चित्रीकरण दाखवून ‘इथे काय चालले होते?’ असे विचारणे.

मोठ्याने विचार करण्याच्या पद्धतीला अँडर्स एरिक्सन आणि हर्बर्ट सायमन यांनी १९८० च्या दशकात भक्कम सैद्धांतिक बैठक दिली, आणि त्यांनी घालून दिलेली मुख्य शिस्त अजूनही पाळावी. सहभागी व्यक्तीने मनातले शब्द जसेच्या तसे उच्चारायचे असतात, स्वतःच्या वागण्याचे स्पष्टीकरण द्यायचे नसते. संशोधकाने ‘असे का केले?’ असे विचारले की माणूस कारणे शोधू लागतो, आणि ती कारणे त्या प्रश्नामुळे जन्माला आलेली असतात. म्हणून व्यक्ती गप्प झाल्यास ‘बोलत राहा’ एवढेच म्हणावे. मुख्य कामाआधी दहा मिनिटे असंबंधित सरावाचे काम द्यावे, उदाहरणार्थ एखादे शब्दकोडे बोलत बोलत सोडवायला सांगावे. परक्या भाषेतला मजकूर वाचत असली, तरी व्यक्तीला तिच्या सोयीच्या भाषेत बोलू द्यावे.

बोलत काम केल्याने वेग मंदावतो, त्यामुळे अशा बैठकीत घेतलेला वेळ मोजून त्यावर निष्कर्ष काढू नयेत. एकट्याने बोलणे काहींना अतिशय अवघडल्यासारखे होते. अशा वेळी दोघांना मिळून एकच मजकूर आणि एकच कोश देणे हा फार चांगला पर्याय आहे. कोणता शब्द पाहायचा, कोणता अर्थ घ्यायचा यावर ते आपसांत सहज बोलतात आणि तेच आपले साहित्य होते. अर्थात, दोघांचा निर्णय हा एकट्याच्या निर्णयासारखा नसतो, हे अहवालात स्पष्टपणे नोंदवावे.

निरीक्षणाच्या सगळ्या पद्धतींत एक गोष्ट हमखास निसटते, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते: जो शोध व्हायला हवा होता पण झालाच नाही, तो. वाचकाला शब्द ओळखीचा वाटतो, चुकीचा अर्थ मनात धरून तो पुढे जातो आणि कोश बंदच राहतो. हे पकडण्यासाठी काम संपल्यावर त्याच मजकुराची कोरी प्रत द्यावी, अनोळखी वाटलेल्या शब्दांखाली रेघ मारायला सांगावी आणि त्यानंतर निवडक शब्दांचे अर्थ विचारावेत. रेघ मारलेले, पाहिलेले आणि खरोखर न समजलेले अशा तीन याद्या शेजारी ठेवल्या की कोशाची गरज आणि कोशाचा वापर यांतले अंतर मोजता येते.

प्रयोग

कोशातल्या एखाद्या वैशिष्ट्यामुळे फरक पडतो का, हे ठरवायचे असेल तर प्रयोगाला पर्याय नाही. परंतु प्रयोगाची रचना चुकली, तर त्यातून निघालेली संख्या दिशाभूल करते. १९८४ मध्ये बेनसूसन, सिम आणि वाइस यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. इंग्रजी वाचनाच्या परीक्षेत कोश वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गुणांत लक्षणीय फरक त्यांना आढळला नाही. कोशाचा उपयोग होत नाही, असा अर्थ त्यातून सहज काढता आला असता. १९९१ मध्ये हिलरी नेसी आणि पॉल मीरा यांनी तशाच प्रकारचा अभ्यास पुन्हा केला, तेव्हा विद्यार्थ्यांनी जे शब्द शोधले होते त्यांचा परीक्षेतल्या प्रश्नांशी फारसा संबंधच नव्हता, हे पुढे आले. ज्या शब्दावर उत्तर अवलंबून नाही तो कितीही चांगला समजला, तरी गुण वाढणार नाहीत. म्हणून प्रयोग रचताना पहिली कसोटी ही ठेवावी: कोशातली माहिती मिळाली तरच सुटेल आणि मिळाली तर नक्की सुटेल, असे काम आपण दिले आहे का?

या कसोटीसाठी सहभागी व्यक्तींना लक्ष्यशब्द, म्हणजे ज्यांच्यावर चाचणी घ्यायची ते शब्द, आधीपासून माहीत नसणे आवश्यक असते. पूर्वचाचणी घेतली तर तीच त्या शब्दांकडे लक्ष वेधते. त्यामुळे ती काही आठवडे आधी घ्यावी आणि लक्ष्यशब्द इतर अनेक शब्दांत मिसळून द्यावेत. दुसरा उपाय म्हणजे भाषेच्या ध्वनिरचनेला शोभतील असे कृत्रिम शब्द घडवून त्यांच्या नोंदी स्वतः लिहिणे. यात पूर्वज्ञानाचा प्रश्न पूर्णपणे सुटतो आणि नोंदीची लांबी, अर्थांचा क्रम, उदाहरणांची संख्या या सगळ्यांवर संशोधकाचा ताबा राहतो. पण काम खऱ्या वाचनापासून दुरावते, हे मान्य करावे लागते.

दोन प्रकारच्या नोंदींची तुलना करताना एका गटाला एक कोश आणि दुसऱ्या गटाला दुसरा कोश दिला, तर दिसलेला फरक कोशाचा की गटाचा हे सांगता येत नाही. शक्य असेल तिथे प्रत्येकाकडून दोन्ही कोशांवर काम करून घ्यावे. अर्ध्या लोकांना पहिला मजकूर पहिल्या कोशासह आणि दुसरा मजकूर दुसऱ्या कोशासह द्यावा. उरलेल्या अर्ध्यांसाठी जोडी उलटी करावी. कोणता कोश आधी येतो, हा क्रमही तसाच वाटून घ्यावा, कारण दुसऱ्या कामापर्यंत माणूस थकतो किंवा सरावतो. कोशाशिवाय काम करणारा एक गट असणे नेहमी उपयोगी ठरते. संदर्भावरून अंदाज बांधूनच किती उत्तरे बरोबर येतात, हे त्याच्याशिवाय कळत नाही.

मोजायचे काय, हे आधीच लिहून ठेवावे. स्टुअर्ट लुपेस्कू आणि रिचर्ड डे यांनी १९९३ मध्ये २९३ जपानी विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात द्विभाषी कोश वापरणाऱ्यांना नवे शब्द अधिक आठवले, पण त्यांना वाचायला जवळजवळ दुप्पट वेळ लागला, आणि ज्या शब्दांखाली अनेक अर्थ होते तिथे काहींचा गोंधळही झाला. फक्त गुण मोजले असते तर कोशाचा विजय झाला असता आणि फक्त वेळ मोजला असता तर पराभव. बरोबर उत्तर, लागलेला वेळ, शोधांची संख्या आणि काही आठवड्यांनंतर उरलेली आठवण, यांपैकी किमान दोन-तीन गोष्टी एकत्र पाहिल्याखेरीज निर्णय देऊ नये.

लेखनाचे काम दिले तर कोशाचा अर्थ वाचकाने कसा लावला, हे विशेष स्पष्ट दिसते. जॉर्ज मिलर आणि पॅट्रिशिया गिल्डिया यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात अमेरिकन शाळकरी मुलांनी कोश पाहून लिहिलेली वाक्ये दिली आहेत. झीज होणे या अर्थाच्या ‘इरोड’ या क्रियापदाच्या व्याख्येत एका मुलाला ‘ईट आउट’ हे ओळखीचे शब्द दिसले, बाहेर जेवायला जाणे हाच अर्थ त्याने धरला आणि ‘आमचे कुटुंब बरेचदा इरोड करते’ अशा आशयाचे वाक्य लिहिले. मुलाने नोंद शोधली होती आणि वाचलीही होती, पण व्याख्येतला एक ओळखीचा तुकडा उचलून तो शब्दाच्या जागी बसवला होता. बहुपर्यायी प्रश्नात ही प्रक्रिया दिसली नसती. म्हणून चुकीचे उत्तर शून्य गुण देऊन बाजूला टाकू नये. ते कोणत्या टप्प्यावर चुकले, याचे वर्गीकरण करावे.

लॉग फाइल

ऑनलाइन कोशाच्या सर्व्हरवर प्रत्येक शोधाची नोंद एका फाइलमध्ये आपोआप होते (तिलाच लॉग म्हणतात), आणि आपल्याकडे कोणी पाहत आहे याची वापरकर्त्याला जाणीव नसते. त्यामुळे वागणे नैसर्गिक असते आणि संख्या प्रचंड असते. नॉर्दर्न सोथो भाषेच्या ऑनलाइन कोशाच्या लॉगवर जिल-मॉरिस द श्रायव्हर आणि डेव्हिड जॉफ यांनी २००४ मध्ये केलेल्या अभ्यासात नेहमीच्या शब्दांबरोबरच शारीरिक संबंधांविषयीचे आणि अशिष्ट शब्दही पुष्कळ शोधले जातात, हे दिसले. कोणत्याही प्रश्नावलीत हे कोणी लिहून दिले नसते. बातम्यांचा परिणामही लॉगमध्ये तत्काळ उमटतो. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महामारी संबोधले, तेव्हा मेरियम-वेब्स्टरच्या संकेतस्थळावर ‘पॅन्डेमिक’ या शब्दाचे शोध एकदम उसळले.

लॉगचे विश्लेषण करण्याआधी साफसफाईला भरपूर वेळ द्यावा. शोधयंत्रांचे बॉट (पाने आपोआप चाळणारे प्रोग्राम), कोशाच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांनी केलेले शोध आणि एकाच पानाची वारंवार झालेली मागणी वेगळी काढावी. एक आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरच्या जोडणीचा क्रमांक, म्हणजे एक माणूस नव्हे. एका पत्त्यामागे संपूर्ण शाळा असू शकते आणि एकच माणूस दिवसभरात तीन पत्त्यांवरून येऊ शकतो. देवनागरीतल्या शोधांसाठी आणखी एक काम असते. ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एका संकेताने लिहिता येते, तसेच ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) यांच्या जोडीनेही लिहिता येते; ‘ॲ’ हे अक्षरही स्वतंत्र संकेताने किंवा ‘अ’वर चंद्र देऊन टंकलेले असते. डोळ्यांना ही रूपे सारखी दिसतात, पण संगणकाला ती भिन्न वाटतात. ती एकरूप करून घेतली नाहीत, तर एकाच शब्दाचे शोध दोन ठिकाणी विभागले जातात आणि सापडण्याजोगा शब्द अयशस्वी शोधांत जमा होतो.

अयशस्वी शोधांची यादी हा मला लॉगमधला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. तिच्यात कोशात नसलेले शब्द असतात, तसेच ह्रस्व-दीर्घाच्या चुका, विभक्ती लागलेली रूपे, रोमन लिपीत टंकलेले शब्द आणि आख्खी वाक्येही असतात. शंभर-दोनशे अयशस्वी शोध यादृच्छिक पद्धतीने निवडून हाताने वर्गीकृत करावेत. कोशात शब्द वाढवायचे, की शोधपेटी अधिक समंजस करायची, याचे उत्तर या वर्गीकरणातून मिळते.

लॉगवरून काढलेला निष्कर्ष गणिताच्या पद्धतीवर किती अवलंबून असतो, याचे एक बोलके उदाहरण आहे. भाषेत वारंवार येणारे शब्द कोशातही वारंवार शोधले जातात का, या प्रश्नावर स्वाहिली-इंग्रजी कोशाच्या लॉगवर आधारित २००६ च्या अभ्यासाने, सर्वाधिक वापरातले काही हजार शब्द सोडल्यास तसा संबंध दिसत नाही, असे म्हटले. २०१४ मध्ये मानहाइममधील संशोधकांनी जर्मन कोशांच्या लॉगवर वेगळ्या रीतीने विचार केला. एकेका शब्दाचा क्रमांक जुळतो का हे न पाहता, अमुक वारंवारतेच्या गटातले किती टक्के शब्द नियमित शोधले जातात हे त्यांनी पाहिले, तेव्हा संबंध स्पष्ट दिसला. पुढे स्वाहिलीच्या लॉगचे फेरविश्लेषण झाले आणि तिथेही तो आढळला. बहुसंख्य शब्द एकदा किंवा दोनदाच शोधले जातात, आणि अशा माहितीवर साधा सहसंबंध काढला की तो यदृच्छेच्या गोंगाटात बुडून जातो.

लॉगच्या मर्यादाही तितक्याच ठाम आहेत. शोधणारा कोण, त्याच्यासमोर कोणते वाक्य होते आणि त्याचे समाधान झाले का, हे लॉग सांगत नाही. एका नोंदीनंतर माणूस निघून गेला, याचा अर्थ त्याला हवे ते मिळाले असाही होतो आणि तो कंटाळला असाही होतो.

डोळ्यांच्या हालचालींचे मापन

आय ट्रॅकिंगमुळे नजर नोंदीतल्या कोणत्या भागावर किती वेळ स्थिरावली, हे कळते. युकिओ तोनो, रॉबर्ट लेव्ह आणि इतरांनी अर्थनिवडीच्या अभ्यासासाठी या साधनाचा उपयोग केला आहे. वाचताना नजर एका ठिकाणी साधारण पाव सेकंद थांबते आणि उपकरणाची अचूकता नजरेच्या कोनात बहुधा अर्धा ते एक अंश असते. त्यामुळे कोशातल्या दाट ओळींत नजर या ओळीवर होती की शेजारच्या, हे ठरवणे अवघड जाते. ओळींतले अंतर वाढवावे लागते, आणि मग ती नोंद खऱ्या कोशासारखी राहत नाही. नजर कुठे होती हे कळले तरी समज किती झाली हे कळत नाही, म्हणून या मापनासोबत उत्तरांची तपासणी हवीच. उपकरण उपलब्ध आहे एवढ्याच कारणाने ही पद्धत निवडू नये.

नमुना, विश्लेषण आणि संमती

कोशवापराचे बहुतेक अभ्यास विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर झाले आहेत, कारण ते संशोधकाच्या हाताशी असतात. त्यांच्यावरून अनुवादक, पत्रकार, न्यायालयीन कर्मचारी किंवा शाळकरी मुले यांच्याविषयी विधाने करणे अयोग्य आहे. नमुना लहान असल्यास हरकत नाही, पण निष्कर्षही त्याच मापाचा असावा.

विश्लेषणात एक चूक वारंवार होते. ३० जणांनी प्रत्येकी २० शोध केले म्हणून ६०० स्वतंत्र निरीक्षणे मिळाली, असे मानले जाते. एकाच व्यक्तीचे शोध एकमेकांसारखे असतात, तसेच एकाच शब्दाचे शोधही. त्यामुळे व्यक्ती आणि शब्द या दोन्हींतली भिन्नता हिशेबात घेणारी मिश्र-परिणाम प्रतिमाने वापरावीत किंवा किमान व्यक्तिनिहाय सरासरी काढून मग तुलना करावी. मोकळ्या उत्तरांचे आणि चुकांचे वर्गीकरण दोघांनी स्वतंत्रपणे, उत्तर कोणत्या गटातले आहे हे न कळता करावे आणि त्यांच्यातली सहमती कोहेनच्या कप्पासारख्या मापाने नोंदवावी. लहान नमुन्यात फरक आढळला नाही, तर ‘फरक नाही’ असे न लिहिता ‘या नमुन्यात फरक दिसला नाही’ असेच लिहावे.

शोधलेले शब्द वरकरणी निरुपद्रवी वाटतात, पण एका व्यक्तीचे सलग शोध तिचा आजार, तिची कायदेशीर अडचण किंवा तिचे खासगी नाते उघड करू शकतात. त्यामुळे निरीक्षणात आणि प्रयोगात लेखी संमती घ्यावी, मुलांच्या बाबतीत पालकांचीही घ्यावी, आणि लॉगमधून आयपी पत्ते व टंकलेली नावे काढून टाकल्याशिवाय ती फाइल कोणाच्याही हाती देऊ नये. सहभागी व्यक्तीची चाचणी घेतली जात नसून कोशाची घेतली जात आहे, हे तिला सुरुवातीलाच सांगावे. अडखळण्याची लाज कमी झाली की खरे वागणे दिसू लागते.

दोन पद्धतींची सांगड घालायची असल्यास क्रमाचा विचार करावा. लॉगमध्ये अनपेक्षित काही दिसले, तर सात-आठ जणांसोबत मोठ्याने विचार करण्याच्या बैठका घेऊन त्याचे कारण शोधता येते, आणि ते कारण खरे आहे का हे छोट्या प्रयोगाने पडताळता येते. अहवालात कोशाचे नाव, आवृत्ती आणि ऑनलाइन कोश असल्यास पाहिल्याची तारीख व पडद्याची चित्रे द्यावीत, कारण असे कोश कोणतीही सूचना न देता बदलतात आणि वर्षभराने तीच नोंद तशी राहत नाही. दिलेला मजकूर, प्रश्न, सूचनांचे नेमके शब्द आणि वर्गीकरणाचे नियम परिशिष्टात पूर्ण द्यावेत, म्हणजे दुसऱ्या भाषेच्या कोशावर हाच अभ्यास करू इच्छिणाऱ्याला तो आहे त्या रूपात उचलता येईल.